नावाच्या आधीचं अक्षर

पहिल्याच पाटीपाशी माझं डोकं फिरलं. पाटी म्हणजे कमरेएवढा लोखंडी खांब, त्यावर निळा पत्रा, पत्र्यावर आकडा, चार ओळींचा मजकूर आणि कोपऱ्यात तो ठिपक्याठिपक्यांचा चौकोन. त्याच्यासमोर मोबाईल धरला की कानात एक बाई बोलायला लागते. “कलाकारांच्या या मंतरलेल्या पेठेत आपलं मनःपूर्वक स्वागत.” मंतरलेली म्हणे! आमच्या पेठेत कुणी असं बोललं असतं तर आधी त्याला पाणी पाजलं असतं आणि मग काय होतंय ते विचारलं असतं. गाईड नाही, घोळका नाही. एका पाटीवरून दुसऱ्या पाटीकडं आपलं आपण चालायचं, कानातली बाई वळ म्हणेल तिकडं वळायचं. ज्या गल्ल्यांतून मी अनवाणी पळाले, त्या गल्ल्यांत ही बाई मला आता डावीकडे वळा म्हणून सांगत होती.

मी हौसेनं आले नव्हते, आईनं पाठवलं होतं. पुण्याहून येते तेव्हा मी चार दिवस तिच्याकडं राहते, कळंब्याच्या रस्त्यावरच्या तिच्या फ्लॅटमध्ये. गुडघ्यामुळं तिला जिना उतरवत नाही आणि डोळ्यांनी अक्षर दिसायचं बंद होऊन बरेच दिवस झाले. कान मात्र शाबूत आहेत आणि जीभ तर विचारूच नका.

“आपल्या दुकानाम्होरं पाटी लावल्या म्हणं,” सकाळी चहा फुंकत ती म्हणाली. “ती पोरगी आलती की मागं. मोबाईलवर सगळं टेप करून घेतलं, दोन बशा भडंग खाल्लं आन् गेली. काय लिवलंय तेवढं वाचून ये.”

“फोटो काढून आणते.”

“फोटो घिऊन काय चाटू? मला दिसतंय व्हय? वाच आन् ये. अक्षर न् अक्षर सांगायचं मला.” मग बशी खाली ठेवून ती जरा हळू म्हणाली, “ह्यांचं नाव घातलंय का बघ. घातलं असलं तर कसं घातलंय, त्ये बघ.”

कसं, म्हणजे काय, ते मला बरोबर कळलं. आण्णा, माझे वडील, मी चौथीत असताना ‘जाऊन येतो’ म्हणून गेले ते आलेच नाहीत. जिवंत आहेत की नाहीत हे आम्हाला आजतागायत माहीत नाही. आई अजून रोज सकाळी कुंकू लावते, गळ्यात डोरलं घालते, आणि गॅसच्या कार्डापासून बँकेच्या पासबुकापर्यंत तिच्या नावाआधी सौ. आहे. त्या पाटीवर आण्णांच्या नावाआधी कुणी काय लिहिलंय, हे ऐकायला ती घरात बसून होती, आणि ते तिला सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं.

पहिली पाटी जुन्या स्टुडिओच्या फाटकापाशी. फाटक उरलंय, आत आता बिल्डिंग आहे, बाल्कन्यांतून चादरी वाळत होत्या. कानातली बाई ‘सुवर्णकाळ’ वगैरे बोलत होती. मी तिला बंद केलं. त्या फाटकातून मला आधी वास यायचा. ओल्या प्लॅस्टरचा, गवताच्या पेंढ्यांचा, घोड्यांच्या लिदीचा, आणि मोठाले दिवे तापले की धूळ जळायची त्याचा. बांबूंना गोणपाट ठोकून राजवाडे उभे राहायचे. पुढून बघितलं तर महाल, मागं गेलं तर बायका तांदूळ निवडत बसलेल्या. लढाईचं शूटिंग असलं की गल्लीतले निम्मे बाप्ये सैन्यात जायचे. आमच्या शेजारचे गणूमामा तर मरण्यात पटाईत. घोड्यावरून, तटावरून, जिन्यावरून, म्हणाल तिथून पडून मरायचे. “आज दोनदा मेलो गं इंदूवहिनी,” म्हणत संध्याकाळी कोपर चोळत आईकडं हळद मागायला यायचे. आईही हळद देताना म्हणायची, “उद्या तरी जगा भावजी, पट्ट्यांसाठी लुगडी फाडून दमली तुमची बायको.” मग दोघंही मोठमोठ्यानं हसायची.

आईचा कपडेपट होता. म्हणजे नाटक-तमाशाला, शाळांच्या गॅदरिंगला सोंगाचे कपडे भाड्यानं द्यायचं दुकान. तालमीच्या पलीकडं, तीन रस्ते मिळतात त्या तिकटीवर, एका खणाएवढी जागा. आत बांबूवर मखमलीचे अंगरखे, जरीचे झगे, राक्षसाची काळी लोकर, परीचे पंख. पुठ्ठ्याचे मुकुट वर खिळ्यांना. मिशा जुन्या बिस्किटाच्या डब्यात, जाड-बारीक वेगळ्या करून ठेवलेल्या. दुपारी दार ढकललं की डांबरगोळ्या, मिशा चिकटवायचा गोंद, सफेदा आणि दुसऱ्यांचा वाळलेला घाम असा सगळा वास अंगावर यायचा. शाळेतल्या मुली म्हणायच्या, तुझ्या दप्तराला कसला गं वास येतो. मला तेव्हा लाज वाटायची. आता पुण्यात कपाटात डांबरगोळी टाकते आणि दार उघडून उगाच उभी राहते.

थंडी पडली की दुकानाला उसंत नसायची. कागल, पेठ वडगाव, पार मलकापूरपासून मास्तर लोक ट्रंका घेऊन यायचे. डझनभर मावळे एका दिवशी बाहेर पडायचे आणि येताना निम्म्यांचे फेटे हरवलेले असायचे. “मावळं परत आलं, डोक्याचं काय?” आई मास्तरांना विचारायची. मास्तर चपापायचे. गॅदरिंगचे दिवस संपले की गच्चीवर मखमल उन्हात टाकायची. मखमल धुवायची नसते, नुसती उन्हं द्यायची आणि ब्रशानं झटकायची. फाल्गुनातल्या उन्हात सगळी गच्ची लाल-निळी-जांभळी व्हायची आणि मी मधोमध बसून पेरू खायची. आई खालून ओरडायची, “डाग पाडलास तर राणीचा झगा तुलाच घालीन आन् शाळंत धाडीन!”

तिसऱ्या-चौथ्या पाटीच्या मध्ये पेंटरांची गल्ली. सिनेमाचे पडद्याएवढे बोर्ड तिथं भिंतींना टेकवून वाळत ठेवलेले असायचे. शाळेतून येताना एका नटीच्या हनुवटीखालून वाकून जावं लागायचं. टर्पेंटाइनचा वास नाकात बसला की जेवणालाही तोच वास. आता त्या गल्लीत डिजिटल प्रिंटचं दुकान आहे. मशीन आपलं सर्रसर्र करत वाढदिवसाचा फ्लेक्स ओकत होतं. पाटीवर लिहिलंय, ‘येथे रंगांचा उत्सव चाले.’ उत्सव कसला, शिव्यांचा बाजार असायचा सगळा! पण शिव्या देणारे हात काय सुरेख होते. मला तिथं उभं राहून रडू यायला लागलं आणि फ्लेक्सवाला बघायला लागला, म्हणून पुढं निघाले.

आण्णा चेहरे रंगवायचे नाहीत. ते अक्षरं काढायचे. वसंत पेंटरचं अक्षर म्हटलं की लोक मान हलवायचे. उकार, मात्रा, सगळं हातानं, फूटपट्टी न लावता. मोठी वेलांटी काढताना ते श्वास धरायचे, आणि आम्हीही धरायचो. ब्रश खाली टेकल्याशिवाय कुणी बोलायचं नाही असा नियम होता. मला एकदा नेमकी तेव्हाच शिंक आली. वेलांटी वाकडी झाली. आण्णा म्हणाले, “आता ह्या सिनेमाला सर्दी झाली.” रागावले नाहीत. ते रागावल्याचं मला आठवतच नाही, आणि ह्याचाच मला पुढं फार राग यायचा. भांडखोर बाप निघून गेला असता तर समजलं तरी असतं.

आईच्या दुकानाची पाटी त्यांनीच रंगवली होती. पिवळ्यावर लाल, ‘सौ. इंदुमती यांचा कपडेपट’. त्यातलं ‘सौ.’ बाकीच्या अक्षरांच्या दीडपट.

“एवढं मोठं कशाला?” आईनं विचारलेलं.

“लांबनं दिसाय नको व्हय?”

आई लाजली होती. मी दाराआड होते, मी बघितलंय.

मग ते गेले. का गेले, कुणाबरोबर, काय बिनसलं, ते मला कुणी सांगितलं नाही आणि मोठी झाल्यावर मीही खोदलं नाही. मला डबा आठवतो. दुकानाच्या कोपऱ्यात त्यांचे ब्रश रॉकेलच्या डब्यात उभे असायचे, केस वाळून कडक होऊ नयेत म्हणून. ते गेल्यावर आई दर आठवड्याला ते रॉकेल बदलायची. रॉकेल रेशनवर, स्टोव्हला पुरत नसलेलं, तरी बदलायची. लोक सांगत यायचे. कुणी त्यांना हुबळीत बघितलं, कुणी इंदूरला एका थेटराच्या बोर्डावर त्यांचं अक्षर ओळखलं. आई प्रत्येकाला चहा पाजायची आणि एकच विचारायची, “तब्येत कशी हाय त्यांची?” पुढं सांगणारे येईनासे झाले. एक दिवस डबाही दिसेना. मी विचारलं नाही.

संक्रांत आली की माझा जीव टांगणीला लागायचा. गल्लीत हळदीकुंकवाची बोलावणी फिरायची आणि आमच्या दाराशी आली की बायकांची चाल मंद व्हायची. बोलवायचं की नाही? नवरा आहे म्हणावं की नाही म्हणावं? आई आपली जरीकाठी नेसून, वाट न बघितल्यासारखं दाखवत बसलेली असायची. एका वर्षी समोरच्या काकूंकडं आम्ही गेलो. काकूंनी सगळ्यांना कुंकू लावलं आणि आईपाशी येऊन त्यांचं बोट हवेतच थांबलं. मी आईचा पदर घट्ट धरला होता. आईनं काकूंचं बोट आपल्या हातात धरलं, कपाळावर टेकवलं, दाबलं, आणि म्हणाली, “लावा की, हात दुखतोय व्हय?” मग वाण घेतलं, तिळाचा लाडू तिथंच खाल्ला आणि सगळ्यांच्या शेवटी उठली. घरी आल्यावर ती बराच वेळ न्हाणीघरात होती, नळ सोडून.

सहावी पाटी मी वाचलीच नाही. सातवी लांबून दिसत होती. आमच्या दुकानात आता मोबाईलची कव्हरं मिळतात, दाराला लटकवलेली, झेंडूच्या माळेसारखी रंगीबेरंगी. पाटी पायरीला लागूनच. मी वाकून वाचलं. ‘चित्रकार कै. वसंतराव पेंटर व त्यांच्या पत्नी श्रीमती इंदुमती यांचा सुप्रसिद्ध कपडेपट या जागी होता.’

कै.

पुन्हा वाचलं. मग पायरीवर बसलेच. म्हणजे कुणाला तरी माहीत होतं. कुठं, कधी, कुणी अग्नी दिला, जवळ कोण होतं? इतकी वर्षं आम्ही दोघी कान देऊन बसलो होतो आणि बातमी खांबावर लावून, खाली प्रायोजकांचं नाव घालून टाकली होती. आणि आई सरळ श्रीमती.

“पावणं, जरा बाजूला सरका की,” आतून पोरगेला दुकानदार म्हणाला. “गिऱ्हाईक यायचंय.”

माझ्याच पायरीवर मी पावणं. एरवी मी त्याला ऐकवलं असतं. त्या वेळी गुपचूप उठले आणि पाटीच्या तळाशी सूचनांसाठी दिलेल्या नंबरवर फोन लावला.

आईचं बोलणं टेप करून गेलेली ती मुलगी, रेवती, लगेच आली, स्कूटीवरून, हेल्मेटात केस चिकटलेले. आर्किटेक्चर शिकवते कुठं तरी. समोरच्या हॉटेलात आम्ही चहा सांगितला. मी तिला कपही उचलू दिला नाही.

“माझे वडील वारले, हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

तिचा चेहरा उतरला. “म्हणजे... नाही वारले का?”

“मी विचारतेय, कुणी सांगितलं?”

“कुणी नाही, ताई.” ती रडवेली झाली. “आजी दोन तास बोलल्या ना त्यांच्याबद्दल. ‘हे असं काढायचे, हे असं म्हणायचे, ह्यांना अमुक आवडायचं.’ सगळं होतं-होतं असंच. एकदाही ‘आहे’ म्हणाल्या नाहीत. मला वाटलं...”

“आणि श्रीमती?”

“ते मग... ओघानं आलंच ना.”

मी तिच्यावर तुटून पडायचं ठरवून बसले होते, पण तिचा कप तिच्यापुढं सरकवला. खरं सांगते, मला राग आलाच नव्हता. मी निराश झाले होते. पायरीवर बसल्यापासून मनात एक वेडी आशा होती, की ही पोरगी काही तरी सांगेल. एखादं गाव, एखादं हॉस्पिटल, काहीही. तिच्याकडं काही नव्हतं. तिनं फक्त आईच्या क्रियापदांवरून हिशेब केला होता. आणि त्यातलं मला बोचलं ते हे, की तिचं बरोबर होतं. आई आण्णांबद्दल तसंच बोलते. माझ्या इतक्या वर्षांत लक्षात आलं नव्हतं.

“उद्याच बदलते ताई, स्टिकर लावून,” ती म्हणाली. “काय लिहू? श्री. लिहू?”

श्री. लिही म्हणायला माझी जीभ उचलेना. श्री. म्हणजे आहेत. कुठं आहेत? काहीच न लिहिता नुसतं ‘वसंतराव’ ठेवायचं, तर गल्ली विचारणार, हे काय, माणूस आहे की नाही? कुठलंही अक्षर घातलं तरी खोटं पडणार होतं. “आईला विचारून सांगते,” म्हटलं आणि उठले. उरलेल्या पाट्या तशाच राहिल्या.

रिक्षात बसल्यावर खोटं बोलायचा विचार आला. आईला दिसत नाही. ‘श्री. व सौ. लिहिलंय गं, छान लिहिलंय,’ असं म्हटलं की विषय संपला. रेवतीला सांगून तसं स्टिकरही लावून घेता येईल. रंकाळ्याला वळसा पडेपर्यंत माझं तसं ठरलंही होतं. पण तिनं अक्षर न् अक्षर सांग म्हटलं होतं, आणि तिच्यासमोर खोटं बोलून मी आजवर कधी सुटलेली नाही.

आई खिडकीत बसून शेंगा फोडत होती. मी चप्पल काढायच्या आत म्हणाली, “हं. वाच.”

मी जसं होतं तसं म्हटलं. चित्रकार कै. वसंतराव पेंटर व त्यांच्या पत्नी श्रीमती इंदुमती. तिचा हात टरफलावर थांबला.

“कुणी सांगितलं तिला?”

“कुणी नाही. तू बोललीस त्यावरनं धरलं तिनं. तू त्यांच्याबद्दल सगळं होतं म्हणून सांगितलंस म्हणे.”

“मी तसं बोलती व्हय?”

“व्हय गं.”

“कवापास्नं?”

मी तिच्याजवळ खाली बसले. तिनं परत शेंगा घेतल्या, एक फोडली, दाणे ताटात टाकले, दुसरी घेतली. खालच्या मजल्यावर कुणाचा तरी कुकर वाजत होता. मला वाटलं आता ती रडेल, मी हातही पुढं केला होता. तिनं तो बाजूला सारला आणि पदराला हात पुसले.

“लाव तिला फोन. मोठ्यानं बोलायचं बटण दाब.”

रेवतीनं पहिल्याच घंटीला उचलला. “आजी, सॉरी, खरंच सॉरी, मला...”

“सॉरी ऱ्हाऊ दे. जेवलीस का?”

“अं... हो.”

“ऐक. ह्यांच्या म्होरं जे लिवलंयस त्ये खोडू नको. ऱ्हाऊ दे तसंच. लई वाट बगितली बाई, आता बास.”

हे तिनं पाणी मागावं तसं सांगितलं. माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या, तिच्या नाहीत. इतक्या वर्षांनी आण्णा आमच्या घरात आत्ता, शेंगांच्या टरफलांसमोर, गेले.

“माझ्या म्होरलं तेवढं बदल,” आई म्हणाली. “त्ये श्रीमती काढ. सौ. घाल.”

रेवती चाचरत म्हणाली, “पण आजी, तसं दोन्ही एकत्र नाही लिहिता येणार. ते कै. आणि तुम्ही सौ., म्हणजे... लोकांना वाटेल चूक झाली आमची.”

“लोकांचं मी बघती. आजवर कोण बघत आलंय?”

“तसं नाही आजी, पण त्याचा अर्थच लागत नाही.”

आईनं मोबाईल माझ्या हातातून घेतला आणि तोंडाशी धरला.

“लागतोय की, बाळ. त्ये मेलं असतील. मी रंडकी न्हाय झाल्याली.”